म्हातारपणाच्या घराला परवाना कुणाचा?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल किंवा ब्रह्मपुरीसारख्या गावात एखादा जुना वाडा रिकामा पडून आहे असे समजा. मालकाची मुले पुण्याला गेली, परत येण्याची चिन्हे नाहीत. गावातल्या चार जणांच्या मनात येते की इथे वीस म्हाताऱ्या माणसांची सोय करावी. दोन वेळचे जेवण, गोळ्या वेळेवर, अंघोळीला हात देणारे कुणीतरी, रात्री हाक मारली तर उठणारे एखादे माणूस. आता परवानगी कुणाकडे मागायची?

धर्मादाय कार्यालयात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली संस्था नोंदवता येते. तिथे घटना, विश्वस्तांची नावे आणि दरवर्षीचे हिशेब मागतात. रात्रपाळीला किती जण असतात, हा प्रश्न त्या अर्जात नाही. नगरपरिषद इमारत आणि तिचा वापर पाहील, आगीचे नियम २००६च्या कायद्याप्रमाणे लागतील, स्वयंपाकघरासाठी अन्न विभागाकडे जावे लागेल. अनुदान हवे असेल तर समाजकल्याण कार्यालयात फाईल तयार होईल. आरोग्य विभागात विचारले तर बहुधा उत्तर मिळेल की हे रुग्णालय नव्हे. प्रत्येक दारात काही ना काही कागद मिळतो. पण आत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची काळजी नेमकी कशी घेतली जाते, हे तपासण्याचे काम यांतल्या कुठल्याच कागदाचे नाही.

इंग्रजीत ज्याला ‘असिस्टेड लिव्हिंग’ म्हणतात त्याला मराठीत अजून धड शब्द नाही. रुग्णालय नाही आणि नुसते घरही नाही, अशी ही मधली जागा आहे. आपल्याकडे तिला सरसकट वृद्धाश्रम म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना आवाज थोडा खाली येतो. राज्याने अशा जागांना परवाना द्यावा का, कोणत्या निकषांवर द्यावा आणि तपासणी कुणी करावी, या चर्चेला देशात दहा-पंधरा वर्षे तरी झाली आहेत. ती बहुतेक पुण्या-मुंबईच्या वसाहती डोळ्यांपुढे ठेवून चालते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांतून पाहिले तर तोच प्रश्न बराच वेगळा दिसतो.

दानधर्मापासून कायद्यापर्यंत

महाराष्ट्रातली या क्षेत्रातली सर्वांत जुनी संस्था म्हणून पुण्याच्या ‘निवारा’चे नाव घेतले जाते. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ मध्ये ती अपंग आणि निराधारांसाठी उभी राहिली. तेव्हाची कल्पना साधी होती: ज्याला कुणी नाही त्याला छप्पर द्यायचे. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे राज्याची दृष्टीही याच चौकटीत राहिली. १९६३ मध्ये स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना आली. नोव्हेंबर १९९५ मध्ये युती सरकारने ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आणली. एका आश्रमात शंभर जणांची सोय, त्यांतले काही शुल्क भरणारे आणि काही विनाशुल्क. पैसे भरून राहणारा म्हातारा माणूस सरकारी योजनेत दिसू लागला तो इथून. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत ‘मातोश्री’ उभे राहिले. चंद्रपूरला ‘डेबू सावली’ही आहे. गाडगेबाबांच्या डेबूजी या नावावरून हे नाव आले आहे.

केंद्राचे ज्येष्ठांविषयीचे राष्ट्रीय धोरण १९९९ मध्ये आले. खरे वळण मात्र २००७चे. त्या वर्षीच्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण अधिनियमाने मुलांवर सांभाळण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली, उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण आणले आणि निर्वाह भत्त्याची कमाल मर्यादा महिना १० हजार रुपये ठेवली. महाराष्ट्राचे नियम २०१० मध्ये आले. राज्याचे ज्येष्ठ नागरिक धोरण २०१३ मध्ये जाहीर झाले आणि २०१८ मध्ये ते सुधारले.

या कायद्याचे कलम १९ आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे गरजू ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकार टप्प्याटप्प्याने ‘स्थापन करू शकेल’, असे त्यात म्हटले आहे. ‘करील’ असे म्हटलेले नाही. या एका क्रियापदावर बराच कीस पडला आहे. त्याच कलमात वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना आणि सेवांचा दर्जा ठरवण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत माणशी ७.५ चौरस मीटर झोपण्याची जागा आणि स्वयंपाकघर, जेवणघर, करमणुकीची खोली धरून १८ चौरस मीटर चटई क्षेत्र, असे मापही सापडते. पण हे सारे राज्याने स्वतः उभारायच्या आश्रमांसाठी आहे. कुणी खासगी माणसाने वृद्धाश्रम काढला तर त्याने आधी परवाना घ्यावा, असे सांगणारे कलम २००७च्या कायद्यात नाही.

चार कायदे, चार नजरा

मग कायदा कुठे आहे? चार ठिकाणी विखुरलेला आहे.

पहिला १९४९चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना दाखल करून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा, ही त्यातली शुश्रूषागृहाची व्याख्या. यातला ‘दुर्बलता’ हा शब्द अडचणीचा आहे. अंथरुणाला खिळलेली आजी दुर्बल आहे यात शंका नाही. तिला कुशीवर वळवणे, नळीने भरवणे ही शुश्रूषाच. मग वृद्धाश्रमातली ती एक खोली शुश्रूषागृह ठरते का? काहींच्या मते ठरायला हवी. चालकांचे म्हणणे असे की डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो तेवढ्यावरून आश्रमाचे रुग्णालय होत नाही.

दुसरा २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. विचार आणि भावना यांच्याबरोबर भान आणि स्मृती यांतला गंभीर बिघाडही त्याच्या मानसिक आजाराच्या व्याख्येत येतो. अशा व्यक्ती काळजी किंवा पुनर्वसनासाठी राहतात त्या जागेची नोंदणी हा कायदा मागतो, स्वतःच्या कुटुंबात राहणे तेवढे वगळतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ठेवणारे केंद्र यात बसते, असे वाचन सरळ निघते. वृद्धसेवेतल्या अनेकांना मात्र विस्मरण झालेल्या आजोबांवर मनोरुग्णालयाचा शिक्का बसण्याची भीती वाटते. तिसरा २०१६चा दिव्यांग हक्क कायदा. दिव्यांगांसाठीच्या संस्थांना तो नोंदणी सक्तीची करतो, आणि म्हातारपणी दृष्टी, श्रवण, चालणे यांतले काही ना काही बहुतेकांचे जातेच.

चौथी नजर बिल्डरच्या दिशेने आहे. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या आधारे महारेराने २०२४ मध्ये आपला आदेश दिला. एकाहून अधिक मजले असतील तर लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल असे दरवाजे आणि उतार, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरायला दांडे, धोक्याची घंटा, वीज गेली तर पर्यायी सोय. या गोष्टी विक्री करारातच लिहिल्या जाव्यात, असा त्यामागचा हेतू आहे. ज्येष्ठांसाठीच्या घरांबद्दल राज्यातल्या नियामकाने इतके तपशीलवार लिहिलेले दुसरे काही सहज सापडत नाही. पण रेराचे काम घर विकत घेणाऱ्याचे रक्षण करणे. ताबा दिल्यानंतर दहा वर्षांनी तिथली परिचारिका रात्री जागेवर असते का, हे पाहणे त्याच्या कक्षेबाहेर आहे. दांडा बसवला की रेरा समाधानी. तो दांडा धरून उठवणाऱ्या हाताचा विचार नियमात कुठेच नाही.

मंजूर न झालेले विधेयक

ही पोकळी दिल्लीला ठाऊक नव्हती असे नाही. डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. अश्वनी कुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला सांगितले. देशात असे आश्रम किती, हेच नीट माहीत नसताना त्यांचे नियमन कसे होणार, हा त्यामागचा सरळ मुद्दा.

वर्षभरात, ११ डिसेंबर २०१९ला, २००७च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत आले. ज्येष्ठांची निवासी केंद्रे आणि घरपोच काळजी देणाऱ्या संस्था यांना राज्याच्या नोंदणी प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागेल आणि जेवण, जागा, वैद्यकीय सोय यांचे किमान निकष केंद्र ठरवील, असे त्यात होते. १० हजारांची मर्यादा काढून टाकण्याची आणि सून-जावयांवरही जबाबदारी टाकण्याची तरतूदही त्यात होती. चर्चा या दुसऱ्या भागावरच जास्त झाली. सुनेचे नाव आले की वादाला रंग चढतो, नोंदणी प्राधिकरणाचे तसे नाही. विधेयक स्थायी समितीकडे गेले, तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला, आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच विधेयकही संपले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नीती आयोगाने ज्येष्ठांच्या काळजीतल्या सुधारणांवर आपली भूमिका मांडणारा दस्तऐवज काढला. सध्या विषय तिथेच थांबला आहे.

जंगलातले गणित

आता नकाशा पाहू. गडचिरोली हा चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ला वेगळा काढलेला जिल्हा. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२. चौरस किलोमीटरमागे ७४ माणसे. चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७. साठीपुढच्यांचे राज्यातले प्रमाण तेव्हा साधारण दहात एक होते. त्याच हिशेबाने दोन्ही जिल्ह्यांत मिळून तीन लाखांवर ज्येष्ठ होते. कायद्यातल्या दीडशे-दीडशे जागा पूर्ण भरल्या असे धरले तरी साधारण हजार ज्येष्ठांमागे एक खाट.

ही एक खाटही अंतराने आणखी दूर जाते. सिरोंचा जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा संपर्क तुटतो. एटापल्लीतल्या माडिया म्हातारीला गडचिरोलीच्या वृद्धाश्रमात नेणे म्हणजे सुरक्षित जागी नेणे, हे खरे. पण तिची भाषा कळणारे माणूस तिथे असेल याची खात्री नाही. सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या बाजूला निर्वासित वसाहतींतली बंगाली, धानोरा-कोरचीत गोंडी, वैनगंगेच्या काठी झाडीबोली. उद्या तपासणी अधिकारी आला आणि ‘इथे बरे आहे ना?’ असे मराठीत विचारून त्याने ‘समाधानकारक’ असा शेरा मारला, तर त्या शेऱ्याला अर्थ किती?

दोन जिल्ह्यांची गरजही सारखी नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावती, घुग्घुस या पट्ट्यात कोळसा खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र, कागद कारखाना, आयुध निर्माणी आहे. इथला कामगार निवृत्त झाला की कंपनीचे क्वार्टर सोडतो. मुले नागपूर, पुणे, हैदराबादला. हाती भविष्यनिर्वाह निधी, कदाचित पेन्शन. पैसे भरून राहण्याच्या जागेचे ग्राहक असलेच तर ते इथे. गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यांत म्हाताऱ्या माणसाच्या हाती असते ते श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये, म्हणजे दिवसाला पन्नास. ते मिळण्यासाठीही वयाचा पुरावा लागतो. जन्माची नोंद नसलेल्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या आधार कार्डावर १ जानेवारी ही जन्मतारीख असते.

आजाराचे स्वरूपही लक्षात घ्यावे लागेल. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ग्रामीण गडचिरोलीतल्या मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले, दर सात मृत्यूंमागे साधारण एक. पक्षाघातातून वाचलेल्या माणसाला पुढची काही वर्षे दुसऱ्याच्या हाताची गरज असते. शहरी वसाहतींच्या माहितीपत्रकात ज्याला ‘असिस्टेड’ म्हणतात ती गरज इथे बाजेवर पडलेली आहे. ती भागवते सून किंवा नात, तेंदूपानाच्या आणि मोहाच्या हंगामात मजुरी बुडवून.

आणखी एक गुंता जमिनीचा. गडचिरोलीचा मोठा भाग आणि राजुऱ्याच्या बाजूची गावे पाचव्या अनुसूचीत येतात. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीच्या नावावर करायला महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चा अडसर आहे, आणि तो रास्त आहे. त्यामुळे बाहेरच्या संस्थेने जागा विकत घेऊन वृद्धाश्रम बांधणे, हा पुण्यातला सरधोपट मार्ग इथे चालत नाही. ग्रामसभेच्या संमतीने, गावाच्या किंवा शासनाच्या जागेवर काही उभारणे, एवढीच वाट उरते.

आनंदवनाचा उल्लेख इथे टाळता येत नाही. ते चालवणाऱ्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ची. वरोऱ्याला तरुणपणी आलेले कुष्ठमुक्त तिथेच म्हातारे झाले. त्यांची काळजी घेणारे अनेक हात त्यांच्याच बिरादरीतले. उपचार, रोजगार, निवास आणि म्हातारपण एकाच आवारात. या जागेला शुश्रूषागृह म्हणायचे, दिव्यांगांची संस्था म्हणायचे की वृद्धाश्रम? परवान्याच्या कुठल्याही रकान्यात ती पूर्णपणे मावत नाही.

कोण काय म्हणते

परवाना हवाच, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे. स्मृती गेलेला किंवा अंथरुणावरचा माणूस तक्रार करू शकत नाही, आणि केली तर त्याला तिथेच झोपायचे असते. मुलगा लांब असतो, अनामत रक्कम आधीच दिलेली असते. अशा वेळी बाहेरून अचानक येऊन पाहणारे कुणीतरी हवे. पाळणाघर किंवा बालगृहाबाबत आपण हे मान्य करतो, मग म्हातारपणाबाबत का नाही?

छोट्या संस्थांची बाजूही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. अनुदान तुटपुंजे, ते उशिरा येते, बाकीचे धान्य देणगीतून. माणशी १८ चौरस मीटर, प्रशिक्षित परिचारिका, रुग्णवाहिका असे निकष सक्तीचे केले तर शहरातली महागडी केंद्रे ते पाळतील आणि तालुक्याच्या गावातला आश्रम कुलूप लावील. त्यांना साधी नोंदणी, टप्प्याटप्प्याचे निकष आणि निकषांबरोबर पैसा हवा आहे. केंद्राची अटल वयो अभ्युदय योजना पंचवीस जणांच्या आश्रमालाही अनुदान देते. त्यामुळे लहान आकार सरकारला अमान्य नाही, हे ते दाखवून देतात.

तिसरा सूर म्हणतो, आधी बांधा, मग परवान्याचे बोला. जिथे जागाच नाहीत तिथे तपासणी कशाची? त्यांच्या मते ‘करू शकेल’ हे ‘करील’ व्हावे आणि दीडशेचा एक मोठा आश्रम जिल्ह्याच्या ठिकाणी उभारण्याऐवजी वीस-पंचवीसांचे घर दर दोन-तीन तालुक्यांमागे असावे. गडचिरोलीचे अंतर पाहता हा मुद्दा वजनदार वाटतो. पण लहान घर म्हणजे माणशी खर्च जास्त, आणि त्याचे उत्तर या बाजूने अजून नीट आलेले नाही.

चौथी मंडळी संस्थेच्याच विरोधात आहेत. म्हातारे माणूस त्याच्या टोल्यात, त्याच्या बोलीत, त्याच्या देवाजवळ राहावे. सरकारने पैसा घरातल्या सांभाळणाऱ्या बाईपर्यंत आणि आशा कार्यकर्तीपर्यंत न्यावा, असे ते म्हणतात. यावर पहिल्या गटाचा प्रतिप्रश्न आहे की घराच्या आत कोण डोकावणार? उपेक्षा घरातही होते. २००७च्या कायद्यात वृद्धांना टाकून देणे हा गुन्हा आहे, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद. पण आईने मुलाविरुद्ध प्रांताकडे अर्ज करणे झाडीपट्टीच्या नाटकात जितके सोपे दिसते तितके गावात नसते.

जगात इतरत्र काय? इंग्लंडमध्ये २००९पासून काम करणारा केअर क्वालिटी कमिशन हा नियामक ‘वैयक्तिक काळजी’ हा निकष मानतो. नुसते घर भाड्याने दिले तर त्याच्याकडे नोंदणी नको, अंघोळ घालायला माणूस दिला की हवी. अमेरिकेत नर्सिंग होमसाठी १९८७चा केंद्रीय कायदा आहे, पण असिस्टेड लिव्हिंगचे परवाने प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देते. एका राज्यातली मान्यता दुसऱ्यात चालत नाही. भारतात निकष केंद्राचे आणि नोंदणी राज्याची, अशी विभागणी २०१९च्या विधेयकात होती. ती पुन्हा येईल की राज्ये स्वतंत्र कायदे करतील, हे खुले आहे.

न सुटलेल्या गाठी

प्राधिकरण कुणाचे, ही पहिली गाठ. समाजकल्याण खात्याकडे वृद्धाश्रमांचा अनुभव आहे, पण जखम कुजली आहे का हे ओळखणारा डोळा नाही. आरोग्य खात्याकडे तो डोळा आहे, पण ते प्रत्येक जागेला रुग्णालयाच्या मापाने मोजेल. दोघांची संयुक्त समिती हा नेहमीचा तोडगा सुचवला जातो. भामरागडपर्यंत दोन खात्यांचे अधिकारी एकाच दिवशी कसे पोचणार, हे त्या सूचनेत नसते.

दुसरी गाठ परवाना रद्द झाल्यावरची. दुकान सील करता येते. पण जिथे वीस माणसे राहतात त्या घराला कुलूप घातले तर त्या वीस जणांना त्याच संध्याकाळी कुठे न्यायचे? जिल्ह्यात दुसरी जागा नसेल तर तपासणी अधिकारी वाईट घरही चालू ठेवील, आणि चालकालाही हे ठाऊक असेल. परवान्याचा धाक पर्यायी खाटेवर अवलंबून आहे, हा धागा पहिल्या आणि तिसऱ्या गटाला एकत्र बांधतो, पण वादात तो क्वचितच पुढे येतो.

अनामत रकमेची परतफेड, स्मृतिभ्रंशाची केंद्रे कोणत्या कायद्याखाली आणायची, घरपोच येणाऱ्या ‘मावशी’चे प्रशिक्षण आणि तिचा पगार, हे प्रश्नही पडून आहेत.

आकड्यांचे तर विचारायलाच नको. वर आलेली दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ची आहे. तेव्हा पन्नाशीत असलेला घुग्घुसचा खाणकामगार आता साठीपार गेला आहे. पुढची जनगणना २०२७ची, संदर्भ तारीख १ मार्च. वसतिगृहे, आश्रम अशा ठिकाणी राहणाऱ्यांची जनगणनेत ‘संस्थात्मक कुटुंब’ म्हणून वेगळी नोंद होते. त्या रकान्यात चंद्रपूर आणि गडचिरोलीपुढे किती घरे आणि किती माणसे लिहिली जातात, ते तेव्हा दिसेल.